मंद ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा छोट्या दुर्बिणींतून वेध

परग्रहांचा शोध म्हटला, की अवकाशातील दुर्बिणी आणि त्यांवरचा अवाढव्य खर्च आठवतो. मात्र, सर्वाधिक चर्चिले गेलेले काही परग्रह सापडले ते ४० ते ६० सेंटिमीटर व्यासाच्या, जमिनीवरील दुर्बिणींना.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो. शुक्राचे असे अधिक्रमण २००४ व २०१२ मध्ये भारतातूनही दिसले होते. पृथ्वीच्या अधिक्रमणाने सूर्यप्रकाशात होणारी घट दहा हजारांत एका भागाहूनही कमी असते. वातावरणातून ती टिपणे जवळजवळ अशक्यच. तारा सूर्याच्या अष्टमांश व्यासाचा लाल बटू असेल, तर तेवढाच ग्रह त्याचा अर्ध्या टक्क्याहून अधिक प्रकाश अडवतो. शिवाय थंड ताऱ्याचे जवळचे ग्रह काही दिवसांतच प्रदक्षिणा पूर्ण करतात. त्यामुळे पुढच्या अधिक्रमणासाठी वर्षभर ताटकळावे लागत नाही.

हार्वर्डचे डेव्हिड शार्बोनो यांच्या 'एम-अर्थ' प्रकल्पाने २००८ मध्ये ॲरिझोनातील माउंट हॉपकिन्सवर ४० सेंटिमीटरच्या आठ स्वयंचलित दुर्बिणी कार्यान्वित केल्या. खरी डोकेदुखी हवेतील बाष्पाची. लाल बटू अवरक्तात अधिक उजळ असतात आणि बाष्प त्यातलाच काही प्रकाश शोषते. तुलनेसाठी घेतलेल्या, कमी लाल ताऱ्यांवर तेवढा परिणाम होत नाही. साहजिकच ग्रह नसतानाही घट भासते. वेगवेगळे लाल बटू पाहणाऱ्या साऱ्याच दुर्बिणींत घट एकाच वेळी दिसली, तर ती हवेची करामत मानून वजा केली जाते. याच प्रकल्पाला २००९ मध्ये 'जीजे १२१४ बी' सापडला. त्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे पावणेतीन पट, वर्ष अवघे ३८ तासांचे.

बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाची ६० सेंटिमीटरची 'ट्रॅपिस्ट' दुर्बीण २०१० मध्ये चिलीतील ला सिला येथे सुरू झाली. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील 'ट्रॅपिस्ट-१'भोवती तीन ग्रह असल्याचे मिशेल गियाँ व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जाहीर केले. त्या निरीक्षणांत लडाखमधील हानलेच्या हिमालयीन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. पुढे स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने सलग निरीक्षण केले, तेव्हा तिसरा वाटलेला ग्रह म्हणजे अनेक ग्रहांची सरमिसळ निघाली. २०१७ मध्ये संख्या सातवर गेली.

तेथे हवा आहे काय, हे मात्र छोट्या दुर्बिणी सांगू शकत नाहीत. लाल बटूंवरील भडके ग्रहांचे वातावरण उडवून लावू शकतात. सर्वांत आतल्या ग्रहावर दाट वातावरण नसावे, असे २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या मापनांतून दिसले. गियाँ यांच्या 'स्पेक्युलूस' प्रकल्पाने चिलीतील पारानाल येथे एक मीटरच्या चार दुर्बिणी उभारल्या असून, २०२४ मध्ये या प्रकल्पाने आणखी एका लाल बटूभोवती १७ तासांत फिरणारा, पृथ्वीएवढा ग्रह जाहीर केला.