जो स्पर्धक, तोच परीक्षक

गेल्या सत्रात आमच्या पदव्युत्तर वर्गात एक प्रयोग झाला. प्रत्येकाने इतरांचे निबंध वाचायचे, दहापैकी गुण द्यायचे आणि अभिप्राय लिहायचा. निकाल पाहून प्राध्यापकही हसले. जवळजवळ सर्वांना आठ गुण, आणि अभिप्राय म्हणून ‘छान मांडणी’. माझ्या निबंधात एका तहाचे साल चक्क चुकले होते. ते एकानेही दाखवले नाही, कारण बहुधा दुसऱ्या पानापुढे कोणी गेलेच नव्हते. समानांनी समानांना जोखावे हे तत्त्व ऐकायला उदात्त वाटते. व्यवहारात ते टिकवायला काय काय करावे लागते, याचा एक बोलका इतिहास अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो : हौशी व्हिडिओ गेमकर्त्यांच्या स्पर्धांत. आजचा धागा त्याविषयी.

आरंभ शब्दांच्या खेळापासून करू. १९८०च्या दशकात इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीने निव्वळ मजकुरातून खेळायचे गेम विकून नाव कमावले. १९८९मध्ये तिचे कार्यालय बंद झाले आणि हा प्रकार बाजारातून जवळपास नाहीसा झाला. तो जगवला हौशी लेखकांनी. ग्रॅहम नेल्सन या इंग्रज गणितज्ञाने १९९३मध्ये ‘इन्फॉर्म’ ही असे गेम लिहिण्याची प्रणाली खुली केली. १९९५मध्ये केव्हिन विल्सनने अशा लेखनाची स्पर्धा भरवली. तीच पुढे दरवर्षी भरू लागली आणि आजही भरते.

या स्पर्धेला मान्यवर परीक्षक नव्हते. ज्याला खेळायचे त्याने खेळावे आणि एक ते दहा गुण द्यावेत. पण दोन नियम मोठ्या विचाराने आले. पहिला : परीक्षकाने फार तर दोन तास खेळायचे आणि तेवढ्यावरून गुण ठरवायचे. म्हणजे लांबलचक गेम लिहून परीक्षकाला दमवण्यात अर्थ उरला नाही. दुसरा : ज्याने गेम सादर केला, त्याने मत द्यायचे नाही. स्पर्धकाचा हात तराजूपासून दूर. पुढे लेखकांनी आपसात मते देऊन निवडायचा वेगळा मान निर्माण झाला, पण तो मुख्य निकालाबाहेर ठेवला गेला. शिवाय किमान पाच गेमना गुण दिल्याविना कोणाचेही मत ग्राह्य धरत नसत. मित्राच्या गेमला दहा गुण देऊन निघून जाणाऱ्यांची वाट त्यामुळे पुरती बंद झाली नाही, पण अवघड मात्र झाली.

१९९६चा विजेता गेम अँजेला एम. हॉर्न्स या अपरिचित लेखिकेच्या नावाने आला होता. नावातली रोमन अक्षरे फिरवून लावली की ‘ग्रॅहम नेल्सन’ हे नाव तयार होते. ज्याच्या साधनाने अर्धे स्पर्धक लिहीत होते, तोच टोपणनावाने रांगेत उभा होता! दोन वर्षांनी अ‍ॅडम कॅड्रेनेही ‘फोटोपिया’ टोपणनावानेच सादर केला आणि जिंकला. नावाचे वजन तराजूत पडते, हे या छोट्याशा वर्तुळाला पुरेपूर ठाऊक होते, असेच यातून दिसते.

आता दुसरी परंपरा. एप्रिल २००२मध्ये जेफ हॉलंडने ‘लुडम डेअर’ सुरू केली. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘खेळ देणे’. विषय आयत्या वेळी जाहीर व्हायचा आणि ठरावीक तासांत एकट्याने गेम पूर्ण करायचा. पहिल्या वेळी चोवीस तास होते, मग अठ्ठेचाळीस स्थिरावले. बक्षीस काहीच नाही. जे घडवले तेच बक्षीस.

इथे मात्र उलटा न्याय होता. स्पर्धकच परीक्षक. नावीन्य, मजा, विषयाशी नाते, चित्रे, ध्वनी, विनोद, वातावरण, अशा स्वतंत्र निकषांवर पाचपैकी गुण द्यायचे. आरंभीच्या लहान मंडळात हे सहज जमले, कारण सगळ्यांनी सगळ्यांचे खेळून पाहणे शक्य होते. माझ्या मते ही पद्धत मुळात त्या आकारासाठीच जन्मली होती. पुढे मंडळ फुगत गेले. डिसेंबर २०११मध्ये ‘माइनक्राफ्ट’चा कर्ता मार्कुस पेर्सन याने या स्पर्धेत ‘मिनीक्राफ्ट’ रचला, तेव्हा साऱ्या गेमविश्वाची नजर इकडे वळली. थोड्याच वर्षांत एकेका खेपेला दोन हजारांहून अधिक गेम येऊ लागले. एवढे कोण खेळणार? मग तेच झाले जे आमच्या वर्गात झाले. ज्याचे नाव माहीत, ज्याचे चित्र आकर्षक, जो गेम ब्राउझरमध्ये एका क्लिकवर उघडतो, त्याला मतांचा पूर. वेगळा उतरवून घ्यावा लागणारा, ओबडधोबड चित्राचा गेम मात्र चार-पाच मतांवर तसाच पडून. अठ्ठेचाळीस तास जागून केलेल्या कामाला वाईट गुणही मिळू नयेत, ही शिक्षा वाईट गुणांपेक्षा कडवट असते.

यावर आयोजकांनी काढलेला उपाय मला सर्वाधिक रोचक वाटतो. त्यांनी परीक्षकांना उपदेश केला नाही, यादीचा क्रम बदलला. तुम्ही जितक्या जास्त गेमना गुण द्याल तितका तुमचा गेम यादीत वर येईल. आणि मते मिळत गेली की तो पुन्हा खाली सरकेल. परिश्रमाची परतफेड गुणांनी नव्हे, तर दृष्टिक्षेपाने. हा भेद महत्त्वाचा. गुणांनी परतफेड झाली असती, तर ती सरळ देवाणघेवाण ठरली असती. क्रमवारीत येण्यासाठी किमान वीस मते हवीत, हाही दंडक आला. तीन-चार मित्रांच्या पाच-पाच ताऱ्यांवर पहिला क्रमांक मिळू नये, हा त्यामागचा सरळ हिशोब.

इच डॉट आयओ या संकेतस्थळाने याच अडचणीला गणिताने उत्तर दिले. तिथे प्रत्येक स्पर्धेतील मतसंख्येचा मध्यक काढतात. त्याहून कमी मते असलेल्या गेमची सरासरी एका वर्गमुळाने कापली जाते. समजा मध्यक वीस आहे आणि एका गेमला पाचच मते, सरासरी ४.८. पाच भागिले वीसचे वर्गमूळ अर्धा. म्हणून गुण उरतात २.४. वीस मते मिळवणारा ३.६ सरासरीचा गेम त्याच्या कितीतरी पुढे. कंपूशाहीला आळा बसतो, हे मान्य. पण ज्या गेमकडे कोणी फिरकलेच नाही, त्यालाही तीच कात्री लागते. न दिसल्याचा दंड दोनदा भरायचा, हे मला न्याय्य वाटत नाही.

२००९पासून भरणाऱ्या ‘ग्लोबल गेम जॅम’ने हा गुंता वेगळ्याच रीतीने सोडवला : स्पर्धाच नको. जगभरातील केंद्रांवर लोक एकत्र येऊन गेम घडवतात, क्रमांक नाहीत. ही भूमिका प्रामाणिक आहे, तरी तिच्यात एक उणीव राहते. क्रमांकाच्या आमिषाने का होईना, लुडम डेअरमधील माणूस अनोळखी व्यक्तीचे काम बसून खेळतो आणि त्याखाली चार ओळी लिहितो. ‘उडी मारताना कळ उशिरा लागते’ असे एखादे वाक्य ताऱ्यांहून कितीतरी उपयोगी पडते. पुढे तर उपयुक्त अभिप्राय लिहिणाऱ्यालाही श्रेय देण्याची सोय तिथे झाली.

सरासरी काय लपवते, हे मजकुरी खेळांच्या मंडळींना फार लवकर उमगले होते. त्यांच्याकडे ‘कलहाचे सोनेरी केळे’ नावाचा एक गमतीदार मान आहे. ज्या गेमच्या गुणांचे प्रमाण विचलन सर्वांत जास्त, त्याला तो मिळतो. कोणी दहा दिले, कोणी एक. क्रमवारीत असा गेम मधेच कुठेतरी हरवतो, पण त्याच्यावरून भांडण झाले याची नोंद राहते.

लुडम डेअरच्या नव्या संकेतस्थळावर वीसहून कमी मते असलेल्या गेमची वेगळी यादी पाहता येते. तिचे नावच ‘धोक्यात’ अशा अर्थाचे आहे. मतदानाची मुदत संपत आली की काही मंडळी ही यादी उघडून बसतात आणि अठरा-एकोणीस मतांवर अडकलेले गेम एकामागून एक खेळत जातात.