दहा शिलिंगांचा परवाना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

ब्रिटनमध्ये घरी बसून टीव्ही पाहायचा तर परवाना लागतो. आजही लागतो. संच स्वतःच्या पैशानं घेतला, विजेचं बिल भरलं, केबलवाल्याचे वेगळे दिले, तरी दरवर्षी परवान्याचे पैसे निराळे मोजावे लागतात. २०२५-२६ या वर्षी हा आकडा १७४ पौंड ५० पेन्स होता. आपल्या हिशेबानं वीस हजार रुपयांच्या आसपास. हे पैसे फिरून जातात ते प्रामुख्यानं बीबीसीकडे. आणि गंमत अशी की हा परवाना रद्दही करता येतो. मात्र त्याआधी घरातल्या माणसांनी एकत्र बसून, आपण काय पाहतो आणि काय पाहणार नाही, हे प्रामाणिकपणे ठरवावं लागतं.

माझी भाची लेस्टरला असते. इस्पितळात परिचारिका आहे, रात्रपाळ्या करते. तिच्या घरी सध्या हीच चर्चा चालू आहे. नवरा म्हणतो, बंद करून टाकू. मुलगा मोबाइलमधून मान वर काढत नाही, त्याला टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे हेही आठवत नसेल. तिनं मला फोनवर विचारलं, ‘‘मामू, तुम्ही रेडिओवर बोलता ना, मग सांगा, काय करू?’’ रेडिओवर चार कविता वाचणाऱ्या माणसाला हे कळत असेल, असं तिला का वाटलं ते अल्ला जाणे. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि मी जुनी पुस्तकं काढून बसलो.

आधी तिथला कायदा सांगतो, कारण तो विचित्र आहे. परवाना संचाचा नाही, पाहण्याचा आहे. कोणत्याही वाहिनीवर कार्यक्रम प्रक्षेपित होत असताना त्याच वेळी पाहिला, तर परवाना हवा. मग ती वाहिनी बीबीसीची असो, खासगी असो, नाही तर उपग्रहावरून येणारी आपल्याकडची मालिकांची वाहिनी असो. १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीचे जुने कार्यक्रम आयप्लेअरवर मागाहून पाहायलाही परवाना लागू लागला. बाकी वाहिन्यांचं मागाहून पाहिलेलं मात्र चालतं. म्हणजे एका गवळ्याकडून दूध घ्यायचं आणि पैसे दुसऱ्या गवळ्याला द्यायचे, असा हा व्यवहार. भाचीच्या नवऱ्याचा राग नेमका यावरच आहे आणि तो मला अगदीच गैर वाटत नाही.

हे असं का झालं, ते समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं. १९२२ साली रेडिओ संच बनवणाऱ्या कारखानदारांनी एकत्र येऊन ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली. संच खपायचे तर त्यातून काहीतरी ऐकू यायला हवं, एवढाच साधा धंद्याचा विचार. ऐकणाऱ्यानं टपाल खात्याकडून दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा आणि त्यातले निम्मे कंपनीला मिळायचे. जाहिराती नाहीत. १९२७ मध्ये त्या कंपनीची राजाच्या सनदेनं चालणारी कॉर्पोरेशन झाली. सरकारच्या तिजोरीतून पगार नको आणि साबणवाल्याच्या जाहिरातीतूनही नको. ऐकणाऱ्यानंच पैसे द्यावेत, म्हणजे मिंधेपणा राहणार नाही, ही त्यामागची कल्पना.

कल्पना चांगली होती, पण ती लगेच कसाला लागली. १९२६ च्या मे महिन्यात तिथं सार्वत्रिक संप झाला, वर्तमानपत्रं जवळजवळ बंद पडली आणि लोक रेडिओला कान लावून बसले. चर्चिलसाहेबांचं म्हणणं, सरकारनं रेडिओ ताब्यात घ्यावा. तो घेतला गेला नाही. पण कँटरबरीच्या आर्चबिशपनं समेटाचं आवाहन वाचून दाखवायचं म्हटलं, तर प्रमुख असलेल्या जॉन रीथ यांनी त्यांना थांबवलं. मजूर पक्षाच्या नेत्यालाही माइक मिळाला नाही. तेव्हा श्रोत्यांच्या पैशावर चालतो म्हणून कुणी आपोआप निर्भय होतो, असं काही नाही. तरीही लोक परवाने घेत राहिले. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास ही संख्या नव्वद लाखांच्या घरात गेली होती. जून १९४६ मध्ये टीव्हीचा परवाना आला, दोन पौंडांचा. १९५२ पासून चोरून पाहणाऱ्यांना हुडकणाऱ्या गाड्या रस्त्यांवरून फिरू लागल्या. १९६८ साली रंगीत टीव्हीसाठी दहा पौंड झाले, आणि १९७१ मध्ये नुसत्या रेडिओवरचा परवाना उठला.

आता आपल्याकडे येऊ, कारण याच झाडाची एक फांदी इथंही लावली गेली होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. तिथं दहा शिलिंग, इथं दहा रुपये. त्यातले आठ कंपनीला. पण १९२७ साली आपल्या देशात वर्षाला दहा रुपये, वर संचाची किंमत, हे कुणाला परवडणार? परवाने काही हजारांच्या पुढं सरकले नाहीत आणि तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारनं ती केंद्रं स्वतःकडे घेतली. १९३१ मध्ये सरकारनंही एकदा हे लटांबर बंद करायचं ठरवलं होतं. लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी ओरड केली, म्हणून निर्णय मागं घेतला. पुढं १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं.

ज्या वर्षी तिथं कंपनीची कॉर्पोरेशन झाली, त्याच वर्षी इथं कंपनी जन्माला आली आणि पुढं ती सरकारच्या पदरात पडली. आपला रेडिओ सरकारी झाला तो कुणी तत्त्व म्हणून ठरवला म्हणून नव्हे. दहा रुपये देणारी माणसं पुरेशी मिळाली नाहीत म्हणून. पुढं परवान्यांची संख्या लाखांवर गेली, तरी पैसा सरकारी तिजोरीत आणि कारभार सरकारी खात्याकडे, ही घडी काही बदलली नाही. स्वायत्त प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि तो अमलात यायला १९९७ उजाडलं. कंपनी बुडाल्यापासून मोजली तर सदुसष्ट वर्षं.

आमच्या घरीही ते परवान्याचं पुस्तक होतं. कराडात अब्बांचं शिलाईचं दुकान. मशीनच्या वरच्या फळीवर रेडिओ आणि फळीच्या खणात सुया, खडू, बटणं यांच्या सोबतीनं ते पुस्तक. वर्षाला पंधरा रुपये. टपाल कचेरीत जायचं, पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. ते तिकीट टपालाच्या तिकिटासारखंच दिसे, त्यामुळे आम्हा पोरांचा त्यावर डोळा. परवाना तपासणारा माणूस पेठेत आल्याची आवई उठली, की काही घरांतले रेडिओ गोधड्यांच्या घडीत जाऊन झोपत. अब्बांचा रेडिओ मात्र फळीवरच वाजत राही. पंधरा रुपये दिलेत, मग भ्यायचं कशाला, एवढंच ते म्हणत.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटके. ३१ ऑक्टोबर १९८४ च्या दुपारी दुकानात माणसं दाटली होती. दिल्लीत इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि त्या गेल्या की आहेत, हे कुणालाच कळत नव्हतं. आकाशवाणीनं त्यांच्या मृत्यूची बातमी संध्याकाळी दिली. बीबीसीनं ती त्याआधीच दिली होती. अब्बांनी काटा फिरवून, खरखरीत कान घालून, ती तिथं ऐकली आणि दुकानाची फळी लावून घेतली. वर्षानुवर्षं पैसे एकाला दिले आणि खात्री करायची वेळ आली तेव्हा गेले दुसऱ्याकडे. बीबीसीच्या त्या परदेशी सेवेचा खर्च त्या काळी ब्रिटिश सरकार करत असे. त्याचा मोठा वाटा परवान्याच्या पैशांतून दिला जाऊ लागला तो २०१४ पासून. म्हणजे आज माझी भाची जे पौंड भरते, त्यातले थोडे फार दूरदेशीच्या श्रोत्यांसाठी खर्च होतात. हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग तुम्हीच भरा की मामू.’’

आपल्याकडचा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यावर रद्द झाला. कुणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. पंधरा रुपये वाचले, टीव्हीवाल्यांचे पन्नास वाचले. विविध भारतीवर जाहिराती १९६७ पासून होत्याच, दूरदर्शनवर १९७६ पासून आल्या होत्या. आता खर्चाचा भार सरकार आणि जाहिरातदार यांनी वाटून घेतला. ऐकणारा आणि पाहणारा फुकट झाला. फुकट झाल्यावर त्याची गणना राहिली ती साबणवाल्याच्या हिशेबात, गिऱ्हाईक म्हणून. कोकणपट्टीच्या बोलीतला कार्यक्रम किंवा शेतकऱ्यांसाठीचं हवामान, ज्यातून साबण खपत नाही असं काही बंद पडलं, तर मी पैसे देतो, मला ते हवं आहे, असं म्हणायला हातात पुस्तकही उरलं नाही. त्या पुस्तकानं तसा अधिकार कधी दिला होता, असंही नाही. पण निदान दरवर्षी एकदा टपाल कचेरीत उभं राहून माणूस विचार तरी करी, की हे पैसे कशाचे?

तिथल्या परवान्याचं मी कौतुक करतो आहे असं समजू नका. त्याची एक बाजू फार कठोर आहे. परवान्याशिवाय टीव्ही पाहणं हा तिथं फौजदारी गुन्हा आहे. एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्यांच्यावर खटले होतात त्यांत बायकांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट. का, तर दिवसा तपासनीस दार वाजवतो तेव्हा घरी असते ती बाई, दार उघडते ती बाई आणि नाव लिहिलं जातं तिचं. रक्कमही श्रीमंताला तीच आणि गरिबाला तीच. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २००० सालापासून परवाना फुकट होता; ऑगस्ट २०२० पासून ती सवलत सरकारी निर्वाह-मदत मिळणाऱ्या वृद्धांपुरती राहिली. भाचीच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण त्या कुटुंबाला ती मदत मिळत नाही.

आणि घोडं अडलं ते सासूबाईंपाशीच. त्या बीबीसी बघत नाहीत. दुपारी त्या हिंदी मालिका पाहतात, उपग्रहावरून, लागेल तेव्हा, म्हणजे कायद्याच्या भाषेत थेट. मुलगा म्हणतो, अम्मी, तीच मालिका संध्याकाळी मोबाइलवर लावून देतो. त्या म्हणतात, संध्याकाळी माझी नमाज असते, आणि दुपारी घरात तुम्ही कुणी नसता. लेस्टरच्या थंडीत, बंद घरात, एका म्हाताऱ्या बाईच्या दुपारी त्या दोन मालिकांनी भरतात. भाचीनं परवाना ठेवला आहे. मासिक हप्ता करून घेतलाय. नवरा अजून कुरकुरतो. बीबीसीच्या २०२४-२५ च्या अहवालात परवान्यांची संख्या दोन कोटी अडतीस लाखांवर आलेली दिसते, आधीच्या वर्षापेक्षा सुमारे तीन लाखांनी कमी. त्या तीन लाख घरांतही अशाच बैठका झाल्या असतील. बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते आणि त्यापुढं परवाना राहील की जाहिराती येतील, यावर तिथं खल चालू आहे.

परवाना न भरण्याची एक वेगळी गोष्ट मात्र मला भाषेवर जगणारा माणूस म्हणून फार जवळची वाटते. ती वेल्सची. इंग्रजीच्या शेजारी राहून वेल्श भाषा आटत चालली होती. तिथल्या लोकांची मागणी होती, आमच्या भाषेची स्वतंत्र वाहिनी द्या. १९७९ च्या निवडणुकीत वचन मिळालं आणि निवडून आल्यावर थॅचरबाईंच्या सरकारनं ते मोडलं. तेव्हा सुमारे दोन हजार लोकांनी जाहीर केलं, की आम्ही टीव्हीचा परवाना भरणार नाही. गुपचूप नाही, नावानिशी. त्यांत शिक्षक होते, पाद्री होते. काही जण कोर्टात उभे राहिले, काहींनी दंडही नाकारून तुरुंग पत्करला. गोधडीत रेडिओ लपवणारे आमचे शेजारी आणि हे लोक, दोघंही परवाना बुडवतच होते. फरक एवढाच, की यांना आपण का बुडवतो ते सगळ्या देशाला सांगायचं होतं.

मग ग्विनफोर एव्हन्स या त्यांच्या वयोवृद्ध नेत्यानं सांगितलं, ६ ऑक्टोबर १९८० पासून मी प्राणांतिक उपोषणाला बसतो. वय सदुसष्ट. गांधीजींना मानणारा माणूस, बोलला ते करणार हे सरकारला ठाऊक होतं. १७ सप्टेंबरला सरकारनं माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी एसफोरसी ही वेल्श भाषेची वाहिनी सुरू झाली. त्या वेळी वेल्श बोलणारे होते पाच लाखांच्या आसपास. आपल्या एखाद्या तालुक्या-दोन तालुक्यांएवढे.

ती वाहिनी आजही चालते. आणि एप्रिल २०२२ पासून तिला मिळणारे सार्वजनिक पैसे सगळेच्या सगळे येतात ते टीव्हीच्या त्याच परवान्यातून.