चुकलेल्या स्पेलिंगची कुळकथा

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवीत होतो. एका मुलाने निबंधात ‘पेक्षा’ या अर्थी ‘दॅन’ लिहायचे ते ‘देन’ लिहिले. ‘ए’च्या जागी ‘ई’ पडली, एवढाच काय तो अपराध. आम्ही त्यावर तांबडी रेघ ओढली, आणि तेवढ्याने समाधान न होऊन ते वाक्य भर वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. त्या मुलाने मग वर्षभर हात वर केला नाही.

पुढे इंग्रजी शब्दांचा इतिहास चाळताना आमच्या ध्यानात आले, की ‘देन’ आणि ‘दॅन’ हे मुळात दोन शब्दच नव्हेत. एकाच जुन्या शब्दाची ती दोन रूपे. त्यांची कायमची वाटणी झाली ती इ. स. १७०० च्या सुमारास. शेक्सपिअरच्या काळच्या छापील पुस्तकांत ‘पेक्षा’ या अर्थी ‘देन’ सर्रास आढळते. म्हणजे आम्ही ज्याला हसलो, ते वाक्य शेक्सपिअरच्या मुद्रकाने खुशाल छापले असते! तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे: बरोबर स्पेलिंग म्हणजे काय, आणि ते ठरवले कोणी?

याचे उत्तर शोधायला चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इंग्लंडात जावे लागते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी इंग्रजी शब्द आपल्या सवयीने लिहिले. ‘क्वीन’ शब्दाच्या आरंभीचे जुने ‘सी-डब्ल्यू’ जाऊन तेथे ‘क्यू-यू’ बसले ते या काळात. प्रत्येक प्रांताची बोली निराळी, आणि लिहिणारा आपल्या कानाला जसे ऐकू येई तसे लिही. त्यात कोणाला वावगे वाटत नसे.

१४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. आपल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने एक मौजेची हकीकत सांगितली आहे. काही व्यापारी केंट परगण्यात उतरले आणि त्यांतल्या एकाने एका बाईजवळ अंडी मागितली. त्याने ‘एग्ज’ म्हटले. बाईच्या बोलीत अंड्यांना ‘आयरेन’ म्हणत. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही! व्यापाऱ्याला राग आला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते. अशा देशात कोणती बोली छापावी, असा कॅक्स्टनपुढे पेच होता. त्याने लंडनची बोली पत्करली. कॅक्स्टन स्वतः कित्येक वर्षे समुद्रापलीकडे फ्लेमिश मुलखात राहिलेला. ‘घोस्ट’ या शब्दात न उच्चारला जाणारा ‘एच’ शिरला, तो त्याच मुलखातून.

आता दैवाचा खेळ पाहा. छापखान्याने शब्दांची रूपे ठोकून पक्की करायला घेतली, नेमक्या त्याच सुमारास इंग्रजांचे उच्चार पालटत होते. सुमारे १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर एकेक पायरी सरकले. चॉसरच्या वेळी ‘नाइट’ म्हणजे सरदार या शब्दातला ‘के’ आणि मधला ‘जी-एच’ हे दोन्ही तोंडाने म्हटले जात. पुढे आवाज गेले, अक्षरे राहिली. नदीने पात्र बदलावे आणि घाट जुन्या जागीच उभा राहावा, तसे हे झाले.

त्यात पंडितांनी भर घातली. ‘डेट’ म्हणजे कर्ज हा शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. त्याचा लॅटिन पूर्वज ‘डेबिटम’ आहे हे जाणणाऱ्या विद्वानांनी तो घुसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर निव्वळ चूक आहे. हा शब्द जुना इंग्रजी. लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचे नाते नाही. पण ‘आइल’ या फ्रेंच घराण्यातल्या शब्दाशी त्याची सोयरीक कल्पून त्याला ‘एस’ चिकटवला. शाळकरी मुलाने केली ती चूक, पंडिताने केली ती परंपरा!

आज लोक जे शब्द एकमेकांत मिसळतात त्यांचे या इतिहासावरून दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग एका शब्दाचे दोन झाले त्यांचा. ‘देन’ आणि ‘दॅन’ यांच्याप्रमाणेच ‘ऑफ’ हा शब्द एका ‘एफ’चा आणि दोन ‘एफ’चा, ‘टू’ हा एका ‘ओ’चा आणि दोन ‘ओ’चा, ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल आणि ‘फ्लॉर’ म्हणजे पीठ, या साऱ्या भावंडांच्या वाटण्या आहेत. पीठ म्हणजे धान्याचे फूल, त्याचा उत्तम अंश, ही मूळ कल्पना. दुसरा वर्ग मुळात परक्या, पण उच्चाराने एक झालेल्या शब्दांचा. ‘त्यांचा’ या अर्थाचा ‘देअर’ स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी आणला. ‘तेथे’ या अर्थाचा ‘देअर’ इंग्लंडातलाच. आज दोहोंचा उच्चार एक. दोन्ही वर्गांत कान फारसा उपयोगी पडत नाही. हाताने लक्षात ठेवावे लागते. घाईत हात चुकला तर नवल कसले?

‘इट्स’ची कथा याहून बोलकी आहे. ‘त्याचा’ या अर्थी अपॉस्ट्रॉफी घालून ‘इट्स’ लिहिणे ही आज ठळक चूक मानतात. परंतु हा शब्दच सोळाव्या शतकाच्या शेवटी रूढ होऊ लागला. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या पहिल्या आवृत्तीत तो नाही. आणि पुढची दोनशे वर्षे अनेक लेखक तो अपॉस्ट्रॉफी घालूनच लिहीत. आजची चूक ही कालची रीत होती.

मग नियम बसवले कोणी? फ्रान्समध्ये १६३५ साली अकादमी निघाली. तशी संस्था इंग्लंडात असावी, अशी सूचना स्विफ्टने १७१२ साली केली; ती बारगळली. ते काम १७५५ साली डॉ. जॉन्सनच्या कोशाने केले. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या आपल्या कोशात ‘कलर’मधला ‘यू’ गाळला तो टिकला. पण ‘टंग’ आणि ‘विमेन’ यांची त्याने सुचवलेली सोपी रूपे लोकांनी घेतली नाहीत. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्द सोप्या स्पेलिंगने छापण्याचा हुकूम सरकारी छापखान्यास दिला. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, प्रतिनिधिगृहाने विरोधी ठराव केला, आणि वर्ष संपण्यापूर्वीच अध्यक्षांना माघार घ्यावी लागली. बर्नार्ड शॉने मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसा ठेवला. त्या लिपीत १९६२ साली त्याचे एक नाटकही छापले गेले. लिपी मात्र रुजली नाही.

आता यंत्रांचे राज्य आहे. १९६४ साली डॅमेराऊ नावाच्या संशोधकाने दाखवले, की तपासलेल्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या: एक अक्षर चुकणे, एक गळणे, एक जास्त पडणे, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. स्पेलिंग तपासणारी यंत्रे या पायावर उभी राहिली. पण एका ‘देअर’च्या जागी दुसरा लिहिला तर साधे यंत्र गप्प बसते, कारण शब्दकोशात दोन्ही आहेत. तेथे वाक्याचा अर्थ पाहावा लागतो, म्हणून अलीकडची यंत्रे शेजारचे शब्दही पारखतात.

आपल्या घरी तरी निराळे काय आहे? ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांत आपण अडखळतोच, कारण बोलताना ऱ्हस्वदीर्घाचा भेद आपण क्वचितच पाळतो. मात्र एक गोष्ट आपण इंग्रजांहून बरी केली. जे अनुस्वार उच्चारातून केव्हाच गेले होते, ते १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी लेखनातूनही काढले. तोवर शुद्ध असलेले लेखन त्या नियमांनी जुने ठरले. मराठीचे काही बिघडले नाही.

याचा अर्थ वाटेल तसे लिहावे असा नव्हे. अर्जात, करारात, औषधाच्या चिठ्ठीत एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर माणसाचे नुकसान होते. नियम हा रस्त्यावरच्या डाव्या बाजूसारखा आहे. सर्वांनी पाळला म्हणजे सर्वांची सोय. पण डावी बाजू चुकलेल्याला आपण वाट दाखवतो, त्याची अक्कल काढत नाही. स्पेलिंगवरून माणसाची बुद्धी आणि कूळ जोखणे हा निराळाच धंदा आहे, आणि परकी भाषा घोकून शिकलेल्या आपल्या समाजात तो फार चालतो.

त्या मुलाच्या वहीवर तांबडी रेघ ओढली, याचा आम्हांला पश्चात्ताप नाही. शिक्षकाचे ते कामच होय. पश्चात्ताप होतो तो हसण्याचा. रेघेखाली या शब्दाची दोन ओळींची गोष्ट लिहिली असती, तर वर्गाला एक शब्द कायमचा कळला असता, आणि एक हात वर होत राहिला असता.