लाल बावटा कलापथक

मुंबईत १९४४ मध्ये शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभे केलेले लोककलापथक. कामगारवस्तीत ते नावारूपाला आले म्हणून सहसा मुंबईचे मानले जाते. त्याचा गळा मात्र वाळवा तालुक्यातल्या तमाशाच्या फडात तयार झाला होता.

अण्णाभाऊंचा (मूळ नाव तुकाराम) जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी याच तालुक्यातल्या वाटेगावात मांग कुटुंबात झाला. हलगी, डफ, सनई ही या समाजाची परंपरेने चालत आलेली वाद्ये. वाटेगाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जुन्या लेखनात अण्णाभाऊ सातारचे, नव्या लेखनात सांगलीचे दिसतात ते यामुळे. लहानपणी ते वडिलांबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, पुन्हा गावी आले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात उभे राहिले. शाळेची वाट त्यांना जवळपास बंदच होती. लोकांसमोर उभे राहून बोलायचे कसे, हसवता हसवता वर्मावर बोट कसे ठेवायचे, हे शिक्षण त्यांना फडाने दिले.

पुन्हा मुंबईत आल्यावर कम्युनिस्ट चळवळीत त्यांची इतर दोघांशी गाठ पडली. अमर शेख (मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल) बार्शीचे. त्यांचा पहाडी आवाज मैदानभर पोहोचे. गव्हाणकर स्वतः कवने रचणारे शाहीर. पथकाआधीच, १९४३ मध्ये, अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी लिहिले. डफ, तुणतुणे, ढोलकी, झांज आणि मागे झील धरणारे साथीदार, एवढ्या सामग्रीवर हे पथक चाळीच्या आवारात, गिरणीच्या दारात, शेतकरी परिषदांत उभे राही.

पथकाचे खरे काम तमाशाच्या रचनेत दिसते. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी कथा रंगवणारा वग हा जुना क्रम. अण्णाभाऊंनी गणातले देवाचे नमन काढून तिथे मातृभूमी, हुतात्मे आणि श्रमिक यांना वंदन आणले, गौळण वगळली आणि वगात राजाराणीऐवजी सावकार, शेटजी, पुढारी यांना उभे केले. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण प्रेक्षक त्याला ओळखत होता. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही त्यांतली ठळक नावे. निव्वळ प्रचार म्हणून या वगांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. त्यांतले संवाद फडावर मुरलेल्या माणसाचे आहेत.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पथकावर गदा आली. अण्णाभाऊंनी आपल्या वगांना ‘लोकनाट्य’ म्हणायला सुरुवात केली. पुढे हे नाव सर्वत्र रूढ झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हे तिन्ही शाहीर पुन्हा सभा गाजवू लागले. ‘माझी मैना’ ही अण्णाभाऊंची छक्कड (लावणीचा एक प्रकार) याच काळातली. गावी बायको ठेवून मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाची ताटातूट आणि महाराष्ट्रापासून बेळगाव-कारवारची ताटातूट तिने एका सुरात बांधली. सातारा-सांगलीच्या घराघराला ती पहिली ताटातूट ठाऊक होती. अमर शेखांच्या आवाजाने ही छक्कड घरोघरी गेली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. बेळगाव-कारवार बाहेरच राहिले. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी वारले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.