नळाच्या हातची चव

राजूर नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. गणपतीचं राजूर जालना जिल्ह्यात. आज आपण बोलणार आहोत ते यवतमाळ जिल्ह्यातल्या, वणी तालुक्यातल्या राजूरबद्दल. कोळशाचं आणि चुन्याचं गाव. आसपासचे लोक त्याला ‘राजूर कॉलरी’ असंच म्हणतात. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कंपनी आली, पण खाणीच्या गावाची घडण सगळीकडे सारखीच असते. कामाला माणसं लांबून येतात, आणि सुरुवातीला बरेचजण एकटेच येतात. एक खोली, एक शेगडी, दोन पातेली. अशी माणसं स्वयंपाक शिकतात ती हौसेनं नाही, तर पाळी सुटल्यावर भूक लागते म्हणून.

अशा गावातल्या एखाद्या नोकरदार तरुणाच्या मनात आलं की आपल्याला आवडणाऱ्या मुलीला एकदा घरी जेवायला बोलवावं, आपल्या हातचं साधंसं काही करून घालावं, तर? शहरातली तरुण मंडळी याला सरळ ‘डेट’ म्हणतात. लहान गावात ते इतकं सोपं नाही. इथं मुलीला जेवायला बोलावणं म्हणजे अख्ख्या गल्लीला कळवणं. आणि तो स्वतः रांधणार आहे हे कळलं की पहिला शेरा ठरलेला, “आपल्यात अशी पद्धत नाही.” पद्धत काय, तर मुलीनं पोहे करायचे आणि मुलानं खायचे.

ही पद्धत किती जुनी आणि आधीची काय होती, हे पाहण्यासारखं आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. वणी तालुक्याच्या कडेनं वाहणाऱ्या वर्धा नदीच्या काठानं वर वर जात राहिलं की अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर लागतं. परंपरा सांगते की विदर्भाच्या राजांची राजधानी कुंडिनपूर ती हीच. रुक्मिणी इथली. तिनं आपल्या मनातल्या माणसाला पत्र पाठवलं, फराळाचा डबा नाही, हे जाता जाता लक्षात ठेवू. आणि दमयंतीही इथलीच.

नळ-दमयंतीचं आख्यान महाभारताच्या वनपर्वात आहे. त्यातला हंस सगळ्यांना ठाऊक असतो, स्वयंपाकघर मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. स्वयंवराच्या मंडपात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नळाचं रूप घेऊन बसले होते. दमयंतीनं खरा नळ ओळखला तो कशावरून? देवांना घाम येत नव्हता, त्यांच्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती, त्यांची सावली पडत नव्हती, पाय जमिनीला टेकत नव्हते. नळाला घाम होता, सावली होती, गळ्यातली माळ कोमेजली होती. देवांनी मग खूश होऊन नळाला प्रत्येकी दोन वर दिले. त्यात अन्नाला रुची आणण्याचा वर कुणी दिला, तर यमानं. मृत्यूच्या देवाला हे कसं सुचलं हे आख्यानकर्त्यानं सांगितलेलं नाही, पण योजना मला फार आवडते.

पुढं द्यूत, वनवास, आणि झोपलेल्या दमयंतीला तिच्याच वस्त्राचा अर्धा तुकडा घेऊन सोडून जाणारा नळ. तो रूप बदलून, ‘बाहुक’ या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. घोडे हाकतो आणि स्वयंपाकही करतो. दमयंती माहेरी परतल्यावर त्याचा शोध घेते, दुसऱ्या स्वयंवराची खोटी बातमी अयोध्येला पोचवते, आणि बाहुक एका दिवसात रथ हाकत ऋतुपर्णाला कुंडिनपुरात घेऊन येतो.

इथून पुढचा प्रसंग आपल्या विषयाचा गाभा. बाहुक राजासाठी स्वयंपाक करायला बसतो. दमयंती केशिनी नावाच्या दासीला लक्ष ठेवायला पाठवते आणि बजावते, त्याला विस्तव देऊ नका, पाणीही देऊ नका. केशिनी येऊन सांगते की त्यानं नुसतं पाहिलं तर भांडी पाण्यानं भरली, गवताची मूठ उन्हात धरली तर पेटली. एवढे चमत्कार ऐकूनही दमयंतीचं समाधान होत नाही. ती सांगते, त्यानं शिजवलेल्या मांसातलं थोडं त्याच्या नकळत घेऊन ये. केशिनी गरम गरम तुकडा आणते. दमयंती चाखते आणि हंबरडा फोडते, कारण ही चव तिनं पूर्वी कितीदा तरी घेतलेली असते.

म्हणजे विदर्भाच्या या जुन्या कथेत चुलीपुढं पुरुष आहे आणि चव घेणारी, पारखणारी बाई आहे. आणखी एक गोष्ट, ते जेवण तिच्यावर छाप पाडायला केलेलंच नव्हतं. राजाचं रोजचं जेवण होतं ते. त्याची ओळख पटली ती रोजच्या हातामुळे.

मग हे उलटं कधी झालं? आज ‘कांदेपोहे’ हा शब्द मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाचं दुसरं नावच होऊन बसला आहे. २००८ सालच्या ‘सनई चौघडे’ या चित्रपटात त्यावर गाणंही आलं. पण थोडा हिशेब मांडून पाहा. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या अनेक जातींत मुलींची लग्नं आठ-दहा वर्षांच्या वयात होत. त्या वयाच्या मुलीच्या हातच्या पोह्यांची परीक्षा कोण घेणार? तिला स्वयंपाक सासूनं शिकवायचा, अशीच समजूत होती. १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला, १९२९ मध्ये शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. कायद्यापेक्षाही शाळांनी आणि शहरांनी वय वाढवलं. मुलगी मोठी झाली, तेव्हा तिला काय काय येतं हे विचारण्याची सोय झाली. चालून दाखव, वाचून दाखव, गाऊन दाखव, पोहे करून दाखव. सनातन म्हणून सांगितली जाणारी ही परीक्षा माझ्या मते उशिरा होणाऱ्या लग्नांची, म्हणजे अलीकडची गोष्ट आहे. बशीतसुद्धा पाहा ना. मिरची, शेंगदाणा आणि कुणी घालत असेल तर बटाटा, हे तिन्ही जिन्नस अमेरिका खंडातून पोर्तुगीज काळानंतर आपल्याकडे आले.

गंमत अशी की स्वयंपाकातला पुरुष कधी नाहीसा झालाच नव्हता. उत्तम स्वयंपाकाला आपण ‘नळपाक’ म्हणतो. विराटाच्या मुदपाकखान्यात भीमच होता. लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष, देवळातल्या महाप्रसादाचा आचारीही बहुतेक पुरुषच. ‘सूपशास्त्र’ हे मराठीतलं सुरुवातीचं छापील पाककृतींचं पुस्तक १८७५ साली निघालं, त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते. बाईच्या हातची पुस्तकं नंतर आली, आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली तेव्हा वाटी-चमच्याच्या मापानं कुणालाही स्वयंपाक शिकता येऊ लागला. नव्या सुनांनी ती घेतली, तशीच परगावी एकट्यानं राहणाऱ्या मुलांनीही बॅगेत टाकली. पुरुषानं मानधन घेऊन शंभर पानांचा स्वयंपाक केला तर ती कला, आणि घरी दोन माणसांपुरता केला तर लोक हसणार, असा हा सगळा मामला.

विदर्भात तर याला उत्तर म्हणून रोडगे आहेत. शेतात किंवा मारुतीच्या पारापाशी रोडग्यांचा बेत असला की गडीमाणसं पुढं होतात. जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक, तेलाचा हात लावून घातलेले पदर, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गोळे, वर वरण आणि वांग्याची भाजी. बायका त्या दिवशी पंगतीला बसतात. कुणी म्हणत नाही की आपल्यात अशी पद्धत नाही.

तेव्हा राजूरच्या त्या मुलानं काय करावं? पनीरच्या मागं लागू नये, एवढं मी नक्की सांगेन. झुणका-भाकर करावी. १९९५ साली राज्य सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली, तेव्हापासून तिच्यावर स्वस्ताईचा शिक्का बसला. पण नंतरच्या काळात आपल्या भागात कापूस आणि सोयाबीननं ज्वारीची जागा घेतली, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि रोजची भाकर घराघरांतून उठून गेली. आज कुणी ताजी भाकर करून वाढली तर ते कौतुकाचंच.

झुणका पंधरा मिनिटांचा. तेलात मोहरी, भरपूर कांदा, मग तिखट-मीठ आणि पाण्याचा हबका मारत थोडं थोडं बेसन. घाई केली की गुठळ्या. खरी कसोटी भाकरीची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाणी लागतं, आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळून हातावर चांगलं रगडावं लागतं. थापताना कडा चिरल्या तर मळणं कमी पडलं असं समजावं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी विस्तवावर फुगवायची. खाणीच्या वस्तीत हा विस्तव वर्षानुवर्षं कोळशाच्या शेगडीचा होता. शेगडी आधी अंगणात पेटवून ठेवायची, धूर सरला आणि कोळसा लाल झाला की मग आत घ्यायची, पण लाल कोळसाही बंद खोलीत जीवावर बेतू शकतो. आता गॅस आहे. पण दोन भाकरी तरी आधी चार-पाच दिवस रोज करून पाहाव्यात, पाहुणी यायच्या दिवशी पहिल्यांदा नको. परातीपुढं घाम येईल, तर येऊ द्यावा. घामावरूनच नळ ओळखला गेला होता.

आणि चव जमली म्हणजे सगळं जमलं, असंही धरून चालू नये. दमयंतीनं तो तुकडा चाखला, ओळखलं, तरी ती लगेच धावत गेली नाही. तिनं आधी मुलांना केशिनीबरोबर पाठवलं. बाहुकानं त्यांना मिठीत घेतलं आणि तो रडला. मग आईवडिलांच्या संमतीनं तिनं त्याला समोर बोलावलं आणि विचारलं की झोपलेल्या बायकोला रानात टाकून जाणारा धर्मज्ञ पुरुष तू कधी पाहिला आहेस का? नळानं उत्तर दिलं, स्वतःची बाजू मांडली, कलीला दोष दिला, उलट तिच्या दुसऱ्या स्वयंवराबद्दल तिला विचारलं. तिनंही त्याचं उत्तर दिलं. ती रात्र त्यांनी एकमेकांना सगळं सांगण्यात घालवली.

ऋतुपर्णाचं काय झालं? वाटेत त्यानं नळाला फाशांची विद्या दिली होती, तिच्या बदल्यात घोड्यांची विद्या घेतली आणि तो अयोध्येला परतला. इतकी वर्षं ज्याच्या हातचं जेवला, त्याच्याकडे स्वयंपाकाची विद्या मात्र त्यानं महाभारतात मागितलेली नाही. ही उणीव पुढं कुणीतरी भरून काढली. ‘पाकदर्पण’ नावाचा संस्कृत ग्रंथ नळाच्या नावावर आहे, त्यात ऋतुपर्ण विचारतो आणि नळ सांगतो. एवढा मोठा बल्लवाचार्य, पण साध्या भातात कोणकोणते दोष राहू शकतात याचीही यादी तो देतो: चिकट झालेला, कोरडा पडलेला, करपलेला.