विहिरीवरचं इंजिन आणि दारातली जीप

शेतकऱ्याच्या हातात डिझेल आधी विहिरीवर आलं, चारचाकीत नंतर. मोटा सुटल्या अन् विहिरींवर ऑइल इंजिनं बसली. किर्लोस्करांनी 1946 साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला, ती इंजिनं पुढं गावोगाव पोचली. हँडल मारायचं, चाकाला वेग आला की डिकॉम्प्रेशनचा खटका सोडायचा. ते बंद पडलं तर फिटरची वाट बघायला वेळ नसायचा, कारण वाफ्यात पीक सुकत असायचं. त्यामुळं पाइपात धरलेली हवा काढणं, नोझल साफ करणं ही कामं आमच्या पिढीला खुरपणीसारखी अंगवळणी पडली.

जीपची गोष्ट वेगळी. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या, पण त्या पेट्रोलवरच्या. खेड्यातल्या माणसाला परवडली ती डिझेलची जीप. ऐंशीच्या दशकात एमएम 540 जीपमध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या बनावटीचं एक्सडीपी 4.90 इंजिन आलं. चार सिलिंडर अन् प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, म्हणून 4.90. मग भाजी, खताच्या गोण्या, वऱ्हाड, सगळं जीपमधून जायला लागलं.

माझ्या थोरल्या भावानं अशीच एक जुनी जीप घेतली होती. बाळंतीण अडली, कुणाला पान लागलं, की रात्री-अपरात्री लोक दादाच्या दाराशी यायचे आणि जीप सुप्याहून नगरच्या दवाखान्याकडं निघायची. दादा गेला आणि जीप पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभी राहिली. 2022 च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढं चालू ठेवायची फी सहाशेवरून पाच हजार झाली. पुतण्या म्हणाला, "तात्या, देऊन टाकू भंगारात." वहिनी एवढंच म्हणाल्या, "द्यायची तर द्या, पण दारातून चालवत न्या. ओढत नको."

म्हणून आम्ही कामाला लागलो. सोबत सुप्यातले एक जुने मिस्त्री होते, तेही विहिरीवरच्या इंजिनांवरच शिकलेले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीत ऑग्सबर्गला चालवून दाखवलं ते हेच. नुसती हवा इतकी दाबायची की ती तापून लाल होईल, अन् त्यात तेल फवारायचं. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: हवा, दाब आणि स्वच्छ डिझेल. उभ्या गाडीत बिघडतात त्या याच. टाकीत हवेतला ओलावा धरून पाणी तळाला बसतं, त्यानं गंज येतो, काळी शेवाळी साचते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरतात. पंप आणि नोझल यांना डिझेलच वंगण देतं, ते खराब झालं की तेही आवळतात.

पुतण्या बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारायला निघाला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "आधी हातानं फिरवून बघ. अडकलेलं इंजिन जोरानं फिरवलं तर मोडंल." टाकी उतरवली, तर खालून तांबडं पाणी निघालं. ती धुतली. हीटर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून जोर दिला. कुरकुरत का होईना, इंजिन फिरलं. दोन पूर्ण फेरे सरळ गेले तेव्हा हायसं वाटलं. मग इंजिनचं ऑइल, दोन्ही फिल्टर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, ब्रेकचे रबर, सगळं बदललं.

शेवटी हवा काढायची. हातपंप मारत राहायचं, फिल्टरवरचा स्क्रू सैल ठेवायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा. मग नोझलकडचे नट सैल करून तेच. हे काम माझ्या हातांनी आपोआप केलं. पुतण्याच्या पिढीनं विहिरीवर विजेची मोटारच बघितली, बटण दाबलं की पाणी. त्याला हे सगळं नवीन होतं.

सुरू करताना मिस्त्रींनी हवेच्या नळीपाशी फळी घेऊन एकाला उभं केलं. पंप आतून अडकला असला तर इंजिन बेफाम पळतं आणि चावी बंद करून थांबत नाही. हवा कोंडली की मात्र थांबतं. हीटर तापवले, स्टार्टर मारला. तीनदा नुसता पांढरा धूर. चौथ्यांदा एक सिलिंडर बोलला, मग दुसरा, मग चारही. दारात वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. फळी लागली नाही.

घ्यायला माणूस आला होता, पण पुतण्यानंच सौदा मोडला. नोंदणी, विमा, पीयूसी करून घ्यायला तोच आरटीओत गेला. आता दर पंधरा दिवसांनी तो जीप सुरू करतो, इंजिन चांगलं तापेस्तोवर रानातून एक चक्कर मारतो, आणि पावसाळ्यापूर्वी टाकी गच्च भरून ठेवतो, म्हणजे आत पाणी धरायला जागा राहत नाही. मागल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर हवा धरून बंद पडला, तेव्हा पाना घेऊन तोच गेला.