गोष्ट सांगतात, स्टोरी टाकतात

पनवेल स्टेशनवर लोकलची वाट बघणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींच्या तोंडी दोन्ही शब्द ऐकू येतात. ‘काल काय गोष्ट झाली, सांगते थांब,’ आणि ‘स्टोरी टाकलीये, बघ.’ क्रियापदं ऐकण्यासारखी आहेत. स्टोरी टाकली जाते आणि २४ तासांत निघून जाते. गोष्ट मात्र सांगावी लागते, आणि सांगायचं तर समोर कुणीतरी हवं.

हे समोरचं माणूस शब्दाच्या मुळातच बसलेलं आहे. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहतात ती जागा. आपला गोठा त्यातूनच आला. तशीच माणसं एकत्र जमली की ती गोष्ठी. वात्स्यायनाच्या कामसूत्रातले नागरक, म्हणजे शौकीन शहरी लोक, अशा गोष्ठींना जात. पुढे प्रत्येक भाषेने या बैठकीतून आपापल्या परीने काहीतरी उचललं. बंगालीने माणसं घेतली, म्हणून तिथे गोष्ठी म्हणजे गट, कूळ. हिंदीने चर्चासत्र घेतलं. गुजरातीत जिवाभावाचं बोलणं म्हणजे गोठडी आणि जिवलग मित्र म्हणजे गोठियो. जुन्या मराठीत, ज्ञानेश्वरीतही, गोठी म्हणजे बोलणं. पण मराठी तिथे थांबली नाही. बोलण्यातून जे निघतं त्यालाच तिने गोष्ट म्हटलं, मग ती राजाराणीची असो, काल घडलेली असो, नाहीतर मनाला लागलेली असो. ही मला आपल्या भाषेची फार मोठी कमाई वाटते. घरात घडलेलं आणि मनात रचलेलं यांना एकच नाव असल्यावर मुलाला ‘माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही’ असं वाटायचं कारणच उरत नाही.

अशा गोष्टी ज्या वयाच्या मुलांसाठी, त्यांच्या किशोर या नावाचंही मूळ जनावरातलंच. संस्कृतात किशोर म्हणजे घोड्याचं शिंगरू. बालभारतीने १९७१ साली मासिक काढलं तेव्हा त्याला हेच नाव दिलं.

या शिंगरांसाठी नवं काय लिहायचं? भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, फुरसुंगीचा होता, आणि त्याच्यामुळे ते गाव महाराष्ट्रभर पोचलं. पनवेलच्या मुलांचं गाव अजून असं कुठे पोचलेलं नाही. नवी मुंबई विमानतळासाठी कोल्ही, कोपर, चिंचपाडा ही गावं उठली. तिथल्या आजीची आगरी बोली, सिडकोच्या वसाहतीत शेजारी राहायला आलेलं खानदेशी घर, भरावाखाली गेलेली खाडी हे सगळं मुलांच्या बोलण्यात रोज येतं. वहीत येत नाही. कारण तिथे ‘कथालेखन’ असतं: मुद्दे दिलेले, शीर्षक द्या, तात्पर्य लिहा. तात्पर्य आधीच ठरलं असेल तर मूल सांगणार काय?

गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं, त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार थांबला की आजी विचारते, ‘झोपलास का रे?’ आणि कुठे कंटाळा आला ते तिला आपसूक कळतं. नव्या लेखकाला यापेक्षा चांगला संपादक मिळणार नाही. म्हणून मुलांना लिहायला बसवण्याआधी जोडीजोडीने बसवावं. एकाने सांगावं, दुसऱ्याने हुंकार द्यावा, आणि तो जिथे ‘मग?’ म्हणेल तिथून वही उघडावी.